पावसाचा इशारा आणि हातावरचे पोट



वैशाखाच्या या उकाड्यात आम्ही पावसावर बोलावयास उभे राहिलो आहोत, हे पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. बाहेर झाडाचे पान हालत नाही, आणि वक्ता पुराच्या गोष्टी सांगणार! परंतु मंडळी, छप्पर शाकारावयाचे ते पाऊस लागण्यापूर्वीच शाकारावे लागते. मृगाला आता फार दिवस उरलेले नाहीत. जे ठरवावयाचे ते कोरड्या अंगाने बसून ठरविलेले बरे, कारण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कोणाला काही ठरविता येत नाही. म्हणून व्यवस्थापकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला.

आम्ही हवामानशास्त्रज्ञ नव्हे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून याच पुण्यात आले, आणि १९४४ साली ते दिल्लीस गेले तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ असेच म्हणतात. अशा गावात पाऊस कसा पडतो हे आम्ही सांगणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. आमचा व्यवसाय कामगार-संघटनेचा. म्हणून हवामान खात्यातून निघालेला इशारा कारखान्याच्या फाटकापाशी, मजूर अड्ड्यावर आणि ओढ्याकाठच्या झोपडीत पोहोचला म्हणजे त्याचे पुढे काय होते, तेवढेच आम्ही सांगणार आहोत. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रथम पाण्याचा थोडा हिशेब करू. वर्तमानपत्रात ‘शंभर मिलिमीटर पाऊस’ असे छापून येते. आम्हालाही कित्येक वर्षे त्याचा अर्थ नीट ठाऊक नव्हता. शंभर मिलिमीटर म्हणजे चार बोटे पाणी, त्यात काय मोठेसे, असे वाटे. पुढे कोणी समजावून दिले की, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. याच हिशेबाने एक चौरस किलोमीटर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा कोटी लिटर पाणी होते. आपल्या सोसायट्यांत दहा हजार लिटरचा टँकर येतो. तसे दहा हजार टँकर एकाच वेळी डोंगरावर उलटे केले असे समजा. हे पाणी दिवसभर रिमझिम पडले तर माती पिते, झाड पिते, ओढा संथपणे वाहून नेतो. तेच एका तासात पडले तर माती पिणार किती? आणि आता माती तरी कोठे उरली आहे? अंगण फरशीचे, रस्ता काँक्रीटचा, टेकडीच्या पायथ्याशी इमारती, ओढ्याच्या पात्रात भिंती. पाणी बिचारे आपली जुनी वाट शोधीत येते, आणि त्या वाटेवर आपण संसार मांडून बसलेलो असतो.

मोठ्या नदीचा महापूर चढावयास दिवस लागतो. ओढ्याचा लोंढा तशी सवड देत नाही. पावसाला सुरुवात झाल्यापासून सहा तासांच्या आत जो पूर येतो त्याला जाणकार आकस्मिक पूर म्हणतात, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा सहा तास कसले, एक तासही मिळत नाही. या गावाने दोन्ही प्रकार पाहिले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. ते संकट केवढे होते हे आमच्यापेक्षा वयाने वडील असलेल्या मंडळींनी या गावात शेकडो वेळा सांगितले आहे. परंतु त्या दिवशीसुद्धा धरण फुटल्यापासून पाणी शहरात शिरेपर्यंत मध्ये काही तास होते, आणि वेळ दिवसाची होती. माणसे पळाली, उंचावर गेली. घरे गेली, पण पुष्कळांचे प्राण वाचले. उलट २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा, ज्याला एरवी आपण नाला म्हणून नाके मुरडतो, तो त्या रात्री थोड्याशा अवधीत काठ सोडून वस्त्यांत शिरला. सीमाभिंती पडल्या, दारातली वाहने खेळण्यांसारखी एकमेकांवर चढली, जनावरे दावणीला मेली. शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. त्या लोकांना धरणही नडले नाही, महानदीही नडली नाही. ज्याच्यावरून आपण रोज उडी मारून जातो त्या ओढ्याने त्यांचा घास घेतला.

आता कोणी म्हणेल की, पूर्वी इशारे नव्हते, आता आहेत. हे खरे आहे, आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर दोनशे लिटरची जवळजवळ पाच पिंपे. त्याच दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर दूर कुलाब्याला पुरता शंभर मिलिमीटरही पडला नाही. ढग जणू काही उपनगरांवरच येऊन बसला होता. तो ढग तासातासाला पाहू शकेल असे डॉप्लर रडार त्या वेळी मुंबईला नव्हते, आज आहे. हवामान खाते आता पुढच्या तीन तासांचा अंदाज देते, जिल्हावार रंग देते. २०२० पासून आकस्मिक पुराच्या संभवाची सूचना देणारी व्यवस्थाही चालू झाली आहे. येत्या सहा तासांत कोठे धोका आहे, चोवीस तासांत कोठे संभव आहे, हे ती सांगते. मोबाईलवर संदेश येतात. हे सर्व मोठ्या कष्टाने उभे राहिलेले काम आहे.

या रंगांचा अर्थ मात्र सरळ करून घेतला पाहिजे, कारण आमच्या लोकांत त्याविषयी फार घोटाळा आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ अशी खात्याची मापे आहेत. परंतु रंग ठरविताना केवळ मिलिमीटर पाहत नाहीत. त्या पावसाने माणसांचे काय होईल हेही पाहतात. म्हणून रंग हे पावसाचे वर्णन समजू नये, तो आपल्याला दिलेला सांगावा समजावा. ‘तयारीत राहा’ असे सांगितल्यावर जो खिडकीशी उभा राहून म्हणतो, ‘अहो, आभाळ तर कोरडे आहे’, त्याने तो सांगावा वाचलाच नाही.

येथवर आपण विद्वानांच्या हद्दीत होतो. आता आम्ही आमच्या हद्दीत येतो.

मंडळी, ‘घराबाहेर पडू नका’ हा इशारा कोणाला पाळता येतो? ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो, त्याला. अड्ड्यावर सकाळी आठ वाजता उभा राहणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, सिग्नलपाशी मोटारसायकल उभी करून मोबाईलवरच्या पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारा पोरगा, मंडईतला हमाल, पदपथावरचा पथारीवाला यांना तुम्ही लाल रंग दाखवा. ते तुम्हाला विचारतील, ‘साहेब, आज घरी बसतो, पण संध्याकाळी चूल कशावर पेटवू?’ या प्रश्नाला रडारमध्ये उत्तर नाही.

२५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकरांना सांगावयास नको. रात्रभर पाऊस कोसळत होता. खडकवासल्यातून सोडलेले पाणी पहाटे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या वर गेले, म्हणजे दर सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. सूचना वेळेवर मिळाली नाही अशी रहिवाशांची तक्रार होती, आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघा जणांचा विजेचा धक्का लागून मृत्यू झाला, त्यावर झाली नाही इतकी चर्चा व्हावयास हवी होती. ते तिघे पाण्यात कशासाठी गेले होते? पूर पाहावयास नव्हे. आपली हातगाडी पाण्यातून हलवावयास गेले होते. पाणी चढते आहे हे त्यांना दिसत होते; त्याहून मोठा इशारा तो कोणता? पण ती गाडी म्हणजेच त्यांची दुकान, त्यांचे भांडवल, त्यांची उद्याची भाकरी. ती वाहून जाताना काठावर उभे राहून पाहत राहा, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? ज्याची गाडी वाहून गेली तर दुसरी मिळण्याची कसलीही सोय नाही, तो माणूस पाण्यात उतरणारच. त्याला अडाणी म्हणू नका. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाईट होत्या.

आता आम्ही एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला आनंद होत नाही, कारण तीत चूक आमची आहे.

२६ जुलै २००५ रोजी आम्ही मुंबईच्या उपनगरातील एका कारखान्यात गेटसभेसाठी गेलो होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दुपारी दोननंतर पाऊस असा काही लागला की, समोरचे फाटक दिसेना. हळूहळू शेडमध्ये पाणी शिरले. लोक अस्वस्थ झाले. कोणाची बायको एकटी, कोणाची मुले शाळेत. आमच्या लोकांनी आमच्याभोवती गराडा घातला. आम्ही तसेच व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो आणि जोराने सांगितले, ‘ताबडतोब सुटी द्या आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापू नका.’ एरवी एका जादा चहासाठी आठ दिवस घोळ घालणाऱ्या त्या गृहस्थांनी पंधरा मिनिटांत मागणी मान्य केली. आम्ही बाहेर येऊन तसे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. सर्वांनी कार्डे पंच केली, फाटकाबाहेर पडले, आणि फाटक बंद झाले.

दोनशे पावलांवर पाणी मांडीला लागले. पुढे कमरेला. लोकल बंद, बसगाड्या जागच्या जागी उभ्या. काही जण परत फिरले, पण पहारेकरी म्हणाला, ‘कार्ड पंच झाले आहे, आत घेण्याचा हुकूम नाही.’ त्याचाही काही दोष नव्हता. त्याला जेवढे सांगितले होते तेवढे तो करीत होता. आम्ही साठ-सत्तर जणांनी एका शाळेच्या जिन्यावर रात्र काढली. आमच्यातला एक मदतनीस मात्र थांबेना. त्याची मुलगी पाचवीत होती आणि शाळेतून तिला घरी आणावयाची होती. आम्ही त्याला थांब म्हटले; पण धरून ठेवले नाही. तिसऱ्या दिवशी तो एका नाल्याच्या काठी सापडला. मुलगी सुखरूप होती. शाळेतल्या बाईंनी सगळ्या मुलांना रात्रभर वरच्या मजल्यावर ठेवून घेतले होते, बिस्किटे दिली होती आणि गाणी म्हणावयास लावली होती.

त्याच रस्त्यावर पुढे आणखी एक कारखाना होता. तेथे संघटना नव्हती. पण तेथल्या फोरमनने लोकांना सांगितले, ‘कोणी बाहेर जावयाचे नाही.’ त्याने कँटीन चालू ठेविले, रात्री भात आणि पिठले केले, पोती पसरून लोक वरच्या मजल्यावर झोपले. सकाळी पाणी उतरल्यावर एकूण एक माणूस आपल्या पायांनी घरी गेला.

त्या संकटात राज्यात हजाराहून अधिक माणसे गेली. त्यांत आमचा एक. आकड्याच्या मानाने एक म्हणजे काहीच नव्हे. परंतु आम्ही वीस वर्षे स्वतःला विचारीत आलो आहोत की, शाळेतल्या बाईंना जे कळले, शेजारच्या फोरमनला जे कळले, ते आम्हाला का कळले नाही? आम्ही हक्क मागितला तो अर्धा मागितला. जाण्याचा हक्क मागितला, राहण्याचा मागितला नाही. काम थांबले म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे आम्ही समजलो. वास्तविक त्या घटकेला कारखान्याची पक्की इमारत हीच त्या वस्तीतील सर्वांत सुरक्षित जागा होती, आणि आम्ही टाळ्यांच्या गजरात आमच्या माणसांना तिच्यातून बाहेर काढले.

म्हणून आमचे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे आहे: इशाऱ्याबरोबर तो पाळण्याची सोय दिली पाहिजे; आणि ती सोय म्हणजे काम थांबविण्याचा, सुरक्षित जागी थांबून राहण्याचा, आणि त्यापायी रोजी न बुडण्याचा हक्क.

हा हक्क आम्ही आकाशातून आणलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ साली केलेल्या १५५ क्रमांकाच्या करारात तेराव्या कलमात हेच म्हटले आहे की, जिवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असे मानण्यास रास्त कारण असल्यामुळे जो कामगार कामावरून दूर झाला, त्याला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. २०२२ साली त्या संघटनेने हा करार आपल्या मूलभूत करारांत घातला. आपल्याकडे भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या प्रक्रियांतील कामगाराला धोका मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला. नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी संहिता लागू झाली आहे तिच्यातही धोका नजरेस आणून देण्याची तरतूद आहे. पण नजरेस आणून देणे निराळे आणि हातातले काम खाली ठेवणे निराळे. त्या दोहोंमधले अंतर प्रत्येक ठिकाणी करार करूनच भरून काढावे लागेल. अशा करारात काय असावे ते आम्ही थोडक्यात सांगतो.

पहिले असे की, प्रत्येक कामाच्या जागी एक माणूस नेमलेला असावा, ज्याने सकाळी आणि दुपारी हवामान खात्याचा इशारा पाहावयाचा आणि फळ्यावर लिहावयाचा. रंग लिहून भागणार नाही. त्या रंगाला आज काय करावयाचे तेही लिहावे. लाल इशारा असताना उघड्यावरचे, पायाच्या खड्ड्यातले, ओढ्याकाठचे आणि परांचीवरचे काम बंद करण्याचा अधिकार त्या माणसाला असावा. त्यासाठी त्याला वरच्या साहेबाच्या फोनची वाट पाहावी लागू नये.

दुसरे, लोकांना सोडावयाचे की ठेवून घ्यावयाचे हे रस्त्याकडे पाहून ठरवावे. पाऊस लागण्यापूर्वी सोडता आले तर जरूर सोडावे. रस्ते भरल्यानंतर मात्र फाटक आतून उघडे असावे. वरच्या मजल्यावर जागा, पिण्याचे पाणी, शिधा, बॅटऱ्या आणि स्त्रियांसाठी वेगळी सोय असावी. कार्ड पंच झाले असले तरी परत आलेल्या माणसाला आत घेतलेच पाहिजे. हे वाक्य करारात स्वतंत्रपणे लिहावे, असा आमचा सर्वत्र आग्रह असतो. त्याचे कारण आता आपणांस सांगावयास नको.

तिसरे मजुरांच्या निवाऱ्याविषयी. २९ जून २०१९ च्या मध्यरात्री कोंढव्यात पावसाने एका इमारतीची सीमाभिंत कोसळली आणि तिच्या कडेला पत्र्याच्या खोपट्यांत झोपलेली पंधरा माणसे गेली. मजूर बाहेरगावचे, काहींची मुलेबाळेही तेथेच. त्यानंतर तीनच दिवसांनी मालाडला भिंत पडून त्याहूनही अधिक माणसे गेली. उंच भिंतीच्या कडेला आणि खणलेल्या खड्ड्याच्या काठावर झोपडी घालू न देणे, याला रडार लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा फिरून पाहावे लागते, इतकेच.

चौथा मुद्दा रोजीचा, आणि तोच अवघड. ज्याला मालक आहे त्याचे करारात बसविता येते. पण अड्ड्यावरच्या मजुराला मालक कोण? पथारीवाल्याला कोण? यावर एक वाट दाखविता येते. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने उन्हासाठी विम्याची योजना केली. उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की, नुकसान सिद्ध करीत न बसता सभासद बायकांच्या खात्यात थेट रक्कम जमा व्हावी, अशी ती योजना. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तशा रकमा जमा झाल्याही. जे उन्हासाठी होऊ शकते ते पावसासाठी का होऊ नये? बांधकामाच्या खर्चावर उपकर गोळा होतो तो बांधकाम मजुरांच्याच कल्याणासाठी. लाल इशाऱ्याच्या दिवसाची अर्धी रोजी जरी त्यातून मिळाली, तरी पुष्कळ माणसे घरी राहतील. आणि ज्याची हातगाडी पुरात गेली त्याला आठ दिवसांत दुसरी मिळेल अशी खात्री असेल, तर तो विजेच्या खांबाशेजारून पाण्यात उतरणार नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते सगळेच वाईट हेतूने येतात असे नाही. एका लहान कारखानदाराने आम्हाला विचारले, ‘लाल इशारा दिला, आम्ही काम बंद ठेविले, पगार दिला, आणि पाऊस पडलाच नाही, तर?’ असे होते, हे आम्ही नाकबूल करीत नाही. ढगाचा स्वभावच असा आहे की सांताक्रूझला कोसळतो आणि कुलाब्याला शिंपडतो. आम्ही त्यांना विचारले, ‘आपण कारखान्याचा आगीचा विमा उतरविता ना? यंदा आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेला, असे म्हणता का?’ ते हसले. आम्हीही हसलो, आणि करार झाला. वर्षात असे दिवस येतात तरी किती? बोटांवर मोजण्याइतके.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सगळेच घरी बसले तर रुग्णालये, वीज, अग्निशामक दल, नालेसफाई कोण चालविणार? ही माणसे जाणारच, आणि जातात म्हणूनच आपण वाचतो. परंतु त्यांना एकेकटे पाठवू नये, जोडीने पाठवावे. दोर, काठी, बूट, बॅटरी द्यावी. माणसाला गटारात उतरवू नये. आणि काम संपल्यावर त्यांनी घरी कसे जावे याची काळजी पाठविणाऱ्याने घ्यावी.

आता शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी, घरी जाऊन मुलाबाळांना सांगण्यासाठी.

वाहत्या पाण्याला कमी लेखू नका. वीतभर खोलीचे वेगाने वाहणारे पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते. गुडघाभर पाणी लहान मोटार ढकलून नेते, आणि दोन फुटांच्या पुढे मोठ्या मोटारीचीही खात्री नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा. पलीकडे पोहोचलेला माणूस दिसतो, वाहून गेलेला दिसत नाही, म्हणून आपल्याला धीर येतो. मोटार पाण्यात बंद पडली तर तिच्यात बसून राहू नका. काच आधीच खाली घ्या आणि उंच जागी जा. २००५ साली मुंबईत बंद मोटारींत गुदमरून माणसे गेली आहेत.

तुंबलेल्या पाण्यातून चालणे भागच असेल तर हातात काठी घ्या, पुढची जमीन चाचपा आणि एकमेकांना धरून चाला. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या गटारात पडून गेले. पाण्याखाली झाकण आहे की नाही हे विद्वानालाही दिसत नाही. विजेचा खांब, डीपी, लोखंडी जाळी, टपरीचा पत्रा यांना हात लावू नका. घरात पाणी शिरू लागले की आधी मेन स्विच बंद करा, पण पायाखाली पाणी असेल तर त्यालाही हात लावू नका. तळघरातील गाडी काढावयास खाली उतरू नका. असे पाणी पायाला लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत दवाखान्यात दाखवा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप जीव घेतो.

डोंगरात सहलीला जाणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून धबधबा शांत राहील असे समजू नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातील पाच जण वाहून गेले. पाणी एकाएकी गढूळ झाले, पाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की चपला सोडून चढणीकडे पळा. प्रवाहाच्या कडेने खाली पळू नका. पाणी तुमच्यापेक्षा वेगाने पळते.

आणि मुलांविषयी. रस्ते भरले असतील तर शाळेने मुले सोडू नयेत, आणि आईबापांनी त्यांना आणावयास निघू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा शाळेत जाऊन बाईंना विचारून या, ‘बाई, असे झाले तर तुम्ही मुलांना कोठे ठेवाल?’ उत्तर ऐकून घ्या आणि मग निश्चिंत असा. आमच्या त्या सोबत्याला हे उत्तर आधी ठाऊक असते, तर तो आमच्याबरोबर जिन्यावर रात्रभर बसला असता. त्याची ती मुलगी आज स्वतः शाळेत शिकविते. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही. पण दर जून महिन्यात तिचा फोन येतो, आणि ती एकच विचारते, ‘काका, यंदा कोणकोणत्या ठिकाणी लिहून घेतले?’

या वर्षी तिला सांगण्यासारखी नावे अजून थोडी आहेत. मृगाला थोडे दिवस आहेत. आपणांपैकी कोणी कारखाना चालवीत असेल, कोणी शाळा, कोणी सोसायटी, कोणाकडे चार माणसे कामाला असतील. ज्याच्या घरी धुणीभांडी करावयास बाई येते, त्याने लाल इशाऱ्याच्या दिवशी तिला आदल्या संध्याकाळीच सांगावे, ‘मावशी, उद्या येऊ नका, पैसे कापणार नाही.’ एवढे वाक्य बोलावयास कायदा लागत नाही. ते आपण आज घरी जाऊन बोललात, तर आमचे येथे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.